बेलोऱ्याच्या विमानाचं तेल

गुरुवारी सकाळी दारात उतरवलेल्या तेलाकडे पाहून प्राध्यापक संघपाल तायडे हादरले, कारण तेल फारच चांगलं होतं. पंधरा लिटरचे चार पिपे, तिघांचं सील शाबूत, चौथ्याचं फोडलं तर आत मधासारखं शेंगदाण्याचं फल्लीतेल.

संघपालला हवं होतं जळकं तेल. अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तो रसायन शिकवायचा आणि गेली तीन वर्षं कॉलेजमागच्या शेडमध्ये एक यंत्र जुळवत बसला होता. त्याच्या एका तोंडातून तळून तळून काळं पडलेलं तेल घालायचं आणि दुसऱ्या तोंडातून विमानाचं इंधन काढायचं. अंगठ्याएवढ्या बाटलीत ते निघालंही होतं. आता शनिवारी पैसे मंजूर करणाऱ्या दिल्लीच्या समितीतर्फे एक मॅडम येणार होत्या. त्यांच्यासमोर तीस लिटर तेल यंत्रात गेलं आणि इंधन बाहेर आलं, तर यंत्र अमरावतीत राहणार आणि मोठं होणार. नाही तर ते उचलून पुण्याच्या एका कॉलेजात जाणार आणि संघपाल जन्मभर पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्ल आणि अल्कली शिकवत बसणार. अट एकच होती, तेल वापरलेलं हवं. माणसांच्या तोंडचं ताजं तेल काढून विमानाला पाजायचं, तर त्यात पर्यावरणाचं काय भलं होणार?

त्याने अकोल्याला फोन लावला. बसस्टँडजवळ खुशालरावांची भज्यांची गाडी होती आणि जळकं तेल पाठवायचं त्यांनी महिन्यापूर्वीच कबूल केलं होतं.

"खुशालराव, हे काय पाठोलं तुमी?"

"काहून, कमी पडलं का सर?"

"मी जळलेलं तेल मांगतलं होतं."

"तेच भरून ठेवलं होतं. मंग मनात आलं, आमच्या शिवणीच्या धावपट्टीवरून तं इमान उडत नाई, ते उडते तुमच्या बेलोऱ्यातून. उद्या काही कमीजास्त झालं तं लोक काय म्हनतीन? अकोल्याच्या तेलानं अमरावतीचं इमान पाडलं. आपल्याले जमत नाई तसं."

"आनि ते जळलेलं कुठं हाये?"

"साबनवाला घेऊन गेला. तुमी बिनघोर राहा सर, या तेलात एक भजं पडलं नाई."

संघपालने डोकं धरलं. त्याची आई सुंदराबाई हे सगळं दारातून ऐकत होती. पोराच्या यंत्रातलं तिला काही कळत नसे, पण पोराचं तोंड उतरलेलं तिला अजिबात खपत नसे.

"एवढंच ना? कॉलनीत बारा घरं हायेत. प्रत्येक घरी सिलेंडरच्या मांगं जुन्या तेलाची बरणी असते. मी आत्ता मांगून आनतो."

ती खरोखरच तासाभरात बारा घरं फिरून आली, आणि जेवणाच्या वेळेआधी बारा बायका बारा स्टीलचे डबे घेऊन अंगणात हजर झाल्या. संघपालला भरून आलं. त्याने पहिल्या डब्याचं झाकण काढलं, दुसऱ्याचं काढलं, तिसऱ्याचं काढलं. मग तो पायरीवर बसला. बाराही डब्यांत नवंकोरं तेल होतं. शेजारच्या पार्बताबाईंनी तर नवी पिशवी फोडली होती आणि वर कचरा जाऊ नये म्हणून डब्याला फडकं बांधलं होतं.

"मावशी, हे तं कोरं हाये," संघपाल रडवेल्या आवाजात म्हणाला.

"मंग? इमानासाठी देऊन राहिलो. आमच्या घरचं कायंभोर तेल पाहून ते दिल्लीचे लोक काय म्हनतीन? म्हनतीन, या बायका याच्यात लेकराईले तयून घालतात."

"पन त्याईले कायंच पायजे, जळलेलं."

"तोंडानं म्हनतात तसं," पार्बताबाईंनी त्याची समजूत घातली. "पाहुना म्हनते चहा नको, मंग आपन देत नाई का?"

तोड काढली ती त्याच्या बायकोने. ज्योत्स्ना जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची. सकाळची शाळा सुटून ती घरी आली, तर अंगणात बहात्तर लिटर तेल आणि त्यात मधोमध नवरा बसलेला. तिने सगळं ऐकून घेतलं, चप्पल काढली आणि म्हणाली, "वापरलेलं पायजे ना? मंग वापरा. तळा."

संघपालकडे पेनासारखं एक मीटर होतं. ते तेलात बुडवलं की तेल किती वापरलं गेलं त्याचा आकडा दिसे. आकडा पंचवीसच्या वर गेला की ते तेल खायला बाद आणि विमानाला पास. कोऱ्या तेलाचा आकडा होता चार. त्याच दुपारी लग्नाचं सामान भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रातून भट्टी आली, लग्नाच्या पंगतीची कढई आली, आणि घरापुढे आलूबोंड्याचा पहिला घाणा पडला.

आता अमरावतीत घरापुढे भट्टी पेटली की त्या घरात काहीतरी आहे, हे सांगावं लागत नाही. पहिल्या दीड तासात कॉलनी येऊन खाऊन गेली. मग मागची गल्ली आली. संध्याकाळी भातकुलीहून संघपालची चुलत बहीण साडीचोळी घेऊन उतरली आणि कोणाचं जमलं म्हणून चौकशी करू लागली. कोणाचंच जमलं नाही हे कळल्यावर तिने साडी पिशवीत परत ठेवली आणि बोंड्यासोबत कढी मागितली.

शुक्रवारी सकाळी दर्यापूरहून देवमनमामा आले. ते पांढरा सदरा घालून, हातात फुलं घेऊन, मान खाली घालूनच जीपमधून उतरले. भट्टीची बातमी दर्यापूरला पोचेपर्यंत ती भट्टी कोणाच्या तरी मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाची झाली होती. मामा थेट सुंदराबाईंसमोर येऊन बसले आणि डोळे पुसून म्हणाले, "कसं झालं व बाई अचानक?"

"काय झालं?"

"कोन गेलं मंग?"

"कोनी नाई गेलं. इमानाचं तेल बनून राहिलं."

मामांनी फुलं बाजूला ठेवली. त्यांची थोडी निराशा झाली, पण नऊ बोंडे आणि ताटभर मिरचीभजे खाऊन त्यांनी ती आवरली. निघताना मात्र रिकाम्या हाताने आल्याची त्यांना फार लाज वाटली. "उद्या येतो," असं मोघम बोलून ते जीपकडे गेले.

खरी गडबड दुपारी लक्षात आली. संघपालने मीटर बुडवलं. आकडा होता सतरा. मग कढईत आणि पिप्यांत मिळून किती तेल उरलं ते मोजलं, तर फक्त एक्केचाळीस लिटर. आकडा वर चढत होता, तेल खाली चाललं होतं, आणि मधला सगळा फरक वऱ्हाडाच्या पोटात गेला होता. या वेगाने तेल पास होईल तेव्हा ते वाटीभर उरलं असतं.

"बेसन तेल पेते," ज्योत्स्नाने कागदावर आकडेमोड करत सांगितलं. "जिच्यात पानी जास्त असंन आनि तेल कमी पेईन, अशी चीज तयायले पायजे."

"अशी कोनती चीज हाये?"

"नुसत्या मिरच्या."

तीन वाजता तीस किलो हिरव्या मिरच्या आल्या आणि नुसत्याच तेलात पडू लागल्या. पहिल्या घाण्याला अंगण रिकामं झालं. दुसऱ्याला कॉलनीच्या खिडक्या बंद झाल्या. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कपडे तसेच टाकून पळाला. सुंदराबाई डोळ्यांना ओला पदर लावून झारा चालवत होत्या, संघपाल ठसकत ठसकत मीटर बुडवत होता, आणि दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सायंकाळी पाच वाजता आकडा सव्वीसवर गेला. तेल उरलं तेहतीस लिटर. संघपालने ते गाळून एका निळ्या ड्रममध्ये भरलं. त्या काळ्याभोर तेलाकडे तो इतक्या प्रेमाने पाहू लागला की ज्योत्स्नाने त्याला हाताला धरून घरात नेलं. तळलेल्या मिरच्या मीठ लावून घरोघरी पोचत्या झाल्या.

शनिवारी सकाळी तो मॅडमना आणायला बडनेरा स्टेशनवर गेला. निधी जोगळेकर मॅडम चाळिशीतल्या, कमी बोलणाऱ्या, हातात कॅमेरा. "आधी तेल कुठून येतं ते पाहू," गाडीत बसताच त्या म्हणाल्या. "यंत्र नंतर."

"या ना, घरीच ठेवलंय," संघपाल मोठ्या रुबाबात म्हणाला.

घरी त्याने मॅडमना अंगणात उभं केलं आणि निळ्या ड्रमचं झाकण उघडलं. आत सोनेरी, पारदर्शक, निर्मळ तेल होतं. त्याला ड्रमचा तळ दिसला आणि पाठोपाठ स्वतःचं सगळं भविष्य दिसलं.

"माय," तो कसाबसा म्हणाला, "हे काय हाये?"

"मामानं पहाटेच्या जीपनं दोन पिपे आनले दर्यापूरच्या तेलघान्यावरून. बिचाऱ्याले कालची लाज वाटली." सुंदराबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि ड्रमसुद्धा बाहेरून घासून चकचकीत केला होता. "मी म्हनलं बरं झालं. एवढी मोठी बाई दिल्लीहून येऊन राहिली, तिच्यासमोर ते कायं तेल ठेवतं का कोनी?"

"ते कायं तेल कुठं हाये?"

"फेकलं नाई बाप्पा, मी काय बह्याड हावो? बाराही घरी सारखं वाटून देलं. फोडनीले चालते."

संघपालला पुण्याकडे निघालेलं यंत्र दिसू लागलं. मॅडम वाकून ड्रममध्ये पाहत होत्या. तेवढ्यात ज्योत्स्ना फाटकाबाहेर गेली आणि शाळेच्या मैदानावर पोरांना हाक मारावी तशा आवाजात ओरडली, "ज्याईनं ज्याईनं सकायी तेल नेलं, त्याईनं आत्ताच्या आत्ता घेऊन या. कायंच आना. कोरं आनलं तं वापस करीन."

मग पार्बताबाईंचं दार उघडलं. पदराखाली डबा लपवून, भिंतीकडे तोंड करून त्या निघाल्या. मागून दुसरं दार उघडलं, तिसरं उघडलं. बारा घरांतून बारा बायका, जणू चोरीचा माल घेऊन, एकमेकींच्या डब्यांत न पाहता अंगणात आल्या आणि आपापलं काळं तेल पटकन पंगतीच्या कढईत ओतून मोकळ्या झाल्या. मॅडमच्या कॅमेऱ्याचा खटका सारखा वाजत होता.

"दर आठवड्याला असंच जमा करता?" मॅडमनी विचारलं.

संघपालच्या जिभेवर 'हो' आलं होतं. पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने सगळं सांगून टाकलं. खुशालराव, पार्बताबाई, भट्टी, मामा, मिरच्या, आणि आत्ताचं तेलवाटप, काही म्हणजे काही ठेवलं नाही.

मॅडमनी पर्समधून वही काढून सगळं टिपलं. "जे तळलं ते फेकलं का?"

"नाही मॅडम. दर्यापूरपर्यंतच्या माणसांनी खाल्लं."

"मग ते वापरलेलंच तेल झालं." त्यांनी वही बंद केली. "मी सात शहरं फिरले, तायडे. सगळीकडे मला पडद्यावर तक्ते दाखवले. घरातून जळक्या तेलाचा डबा घेऊन बाहेर आलेली बाई मी आज पहिल्यांदा पाहिली. यंत्र काय, कुठेही चालेल. अशा बायका कुठून आणायच्या?"

दुपारी तीस लिटर तेल यंत्रात गेलं आणि संध्याकाळपर्यंत पाण्यासारखं स्वच्छ इंधन थेंब थेंब बाहेर आलं. यंत्र अमरावतीत राहिलं. संघपाल घरी येऊन आईच्या पाया पडला आणि मग, आपण नक्की कशासाठी पाया पडलो, याचा विचार करत राहिला.

सोमवारी पेपरात फोटो छापून आला, बारा बायका आणि बारा डबे. त्या दिवसापासून कॉलनीची हवाच बदलली. दर शनिवारी काळं तेल आता पदराखालून नव्हे, डोक्यावर मिरवत येऊ लागलं. कोणाचं तेल किती काळं याची चढाओढ लागली. संघपाल मीटर बुडवून आकडा मोठ्याने वाचायचा आणि ज्यांचा बावीस निघे त्या बायका मान खाली घालून परत जायच्या. पार्बताबाईंचा एकदा एकोणतीस आला, तर त्यांनी पेढे वाटले.

अडचण झाली ती फक्त तायड्यांच्या घरी. त्या दोन दिवसांच्या बोंड्यांनंतर सुंदराबाईंचं रक्त तपासलं, तर डॉक्टरांनी घरातलं तळण साफ बंद केलं. ज्योत्स्नाने बिनतेलाची तळणी विकत आणली. तिच्यातून भजी निघत, तेल निघत नसे. तिसरा शनिवार उजाडला, आणि ज्या घराच्या पोराने विमानाला तेल पाजलं, त्या घरात काळ्या तेलाचा थेंब नव्हता.

सुंदराबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, पदराखाली रिकामी वाटी घेतली आणि मागच्या दाराने पार्बताबाईंकडे गेल्या.

"पार्बता, वाटीभर जयलं तेल हाये का व? पोराच्या इज्जतीचा सवाल हाये."

पार्बताबाईंनी सिलेंडरच्या मागून बरणी काढली, काठोकाठ वाटी भरली आणि देता देता हात आखडला.

"पुढच्या शनवारी वापस करजो," त्या म्हणाल्या, "पन जयलंच करजो. कोरं मी घेत नाई."