तोलून दिलेल्या गोष्टी

जगूआबा पोरांना गोष्टींची पुस्तकं तोलून देतात आणि परत घेताना पुन्हा तोलतात. खुटबावात सगळे या खोडीला हसतात. ती त्यांना माझ्यामुळे लागली, हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कोरोनात शाळा बंद झाली तेव्हा पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. मी शाळेतला शिक्षक, आबा शेजारी. एकदा ओट्यावर येऊन म्हणाले, "गुरुजी, पोरं नुसती मोबाइलवरनं भांडत्यात. कपाट उघडा, मी वाटतो घरोघर."

"आबा, पुस्तकं सरकारी. पोरं फाडतील. एक पान गेलं तरी जाब मला द्यावा लागतो."

"मग तोलून द्या, तोलून घ्या! पान गेलं की वजन घटंल. काट्याला भीड न्हाई."

आबांचा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेला. निवृत्त झाल्यापासून दिसेल ते तोलतात. कलिंगड, मांजर, पुण्याहून सुनेनं पाठवलेला फराळ. फराळ कमी भरला की निकाल ठरलेला, "एसटीत कुणीतरी चकली खाल्ली."

मी हसलो. किल्ली दिली नाही.

आबांनी मग तळेगाव ढमढेऱ्याच्या मेहुण्याकडून त्याच्या पोरांची जुनी पुस्तकं पोतं भरून आणली. दर गुरुवारी पोतं मोपेडवर, भाजीचा काटा मांडीवर, आणि आरोळी, "गोष्टी आल्या, ताज्या गोष्टी!" पोरं तोंडाला रुमाल बांधून धावायची. बारीक पुस्तक निघालं की आबा म्हणत, "हलकं हाय, जेवायच्या आत संपंल." जाड निघालं की, "जपून, पचायला जड."

एकदा तिसरीतल्या सलमाचं पुस्तक वजनाला जास्त भरलं. आबांनी काटा आपटून पाहिला. "काय चारलंस गं ह्याला?"

"फाटलं हुतं आबा. अम्मीनं खळ करून दिली, मी पुठ्ठा चिकटवला."

"गुरुजी!" आबा भिंतीवरून ओरडले. "बघा, पोरीनं पुस्तक फाडलं न्हाई, वाढवलं!"

मी चहाच्या कपात बघत बसलो.

दिवाळी सरली आणि पोत्यातली पुस्तकं संपली. म्हणजे होती तिथंच, पण सगळ्या पोरांनी सगळी वाचून काढली होती. हळूहळू पोरं यायची थांबली. एका गुरुवारी कुणीच आलं नाही. आबा लिंबाखाली काटा मांडून स्वतःची चप्पल तोलत बसले होते. मला राहवलं नाही, शेजारी जाऊन बसलो.

त्यांनी किल्लीचं नावही काढलं नाही. चपलेकडे बघत म्हणाले, "ऊसतोडीच्या गाड्या यायच्या ना, तवा उसावर पोरं बसल्याली असायची. पोरांचं वजन उसात धरता येत न्हाई. मी खेकसायचो, उतरा, व्हा बाजूला. थंडीची कुडकुडत उभी ऱ्हायची बिचारी. जन्मभर काट्यावरनं पोरं हाकलली, गुरुजी. औंदा पयल्यांदाच काट्याकडं पळत आली हुती."

मी उठलो, घरातून किल्ली आणली. आम्ही दोघांनी शाळेतलं कपाट उघडलं. खालच्या कप्प्याला वाळवी लागली होती. आबांनी त्यातलं एक पुस्तक काट्यावर ठेवलं. "लईच घटलंय. कुणाला दिलं हुतं?"

"कुणालाच नाही."

"मग वाळवी हुशार झाली आसंल," एवढंच बोलून ते दारात गेले आणि आरोळी ठोकली. बघता बघता पटांगण भरलं. सलमा सगळ्यांत पुढं. तिनं नेमकं तेच पुस्तक उचललं, चाळलं. पानांच्या जागी जाळी.

"गुरुजी, ह्ये कुणी फाडलं ओ?"

आबा काट्याकडे बघत राहिले.

"मी," म्हणालो. "तुमची पुस्तकं मी कोंडून ठेवली. चुकलं माझं, पोरांनो."