वाढत्या अंगाची घसरगुंडी

मापाच्या बाबतीत आपल्याकडे बोट दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मास्तरांनी बाग समितीच्या बैठकीत ठणकावून सांगितलं. झालं! पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. कॉलनीच्या कोपऱ्यावर चाळीस वर्षं त्यांचं दुकान. गळ्यातली टेप ते आंघोळीपुरती काढत असतील तर असतील. बैठक होती बागेतल्या मुलांच्या खेळांबद्दल. जुनी घसरगुंडी गंजून तिला मधोमध भोक पडलेलं, झोपाळा एका साखळीवर तग धरून, आणि सीसॉ कधीच वर-खाली व्हायचा बंद. ते सगळं चार महिन्यांपूर्वी भंगारात गेलं होतं आणि आता नवं उभं करायचं होतं. समितीच्या अध्यक्षा निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांनी एका कंपनीचं माहितीपत्रक आणलं होतं, त्यात सगळी मापं छापलेली. मास्तरांनी ते चिमटीत धरलं.

"रेडिमेड," ते म्हणाले.

या एका शब्दात त्यांचा अर्ध्या आयुष्याचा राग होता. कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी कुठल्यातरी पोराचं माप काढणार आणि आपल्या पोरांनी त्यात अंग कोंबायचं, हे काही त्यांना पटेना. कॉलनीत पोरं बत्तीस. प्रत्येकाचं माप ते स्वतः घेणार होते, वेल्डर आणि गवंडी इथलेच होते, इथल्या इथे काम होणार होतं. मोठ्या बाईंना कल्पना एकदम आवडली. काम दुसऱ्याने करायचं असलं की त्यांना कुठलीही कल्पना आवडे.

घरी नात वाट बघत होती. वय सहा, वर्गात सगळ्यात बुटकी, रांगेत कायम पहिली. तिला घसरगुंडीचं वेड होतं. चार महिने ती रोज बागेत जाऊन त्या रिकाम्या जागेकडे बघून परत येत होती. तिला चिंता एकच होती. मास्तर लहान मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवत, आणि घरच्यांचे तर जरा जास्तच. तिच्या फ्रॉकमध्ये तिची मैत्रीणही सहज मावली असती. तिच्या बापाला त्याच्या लग्नातला कोट अजून अंगासरसा बसायचा होता, आणि तो आता चाळिशीला टेकला होता.

"आबा, घसरगुंडी माझ्या मापाची कर," नात म्हणाली. "आत्ताच्या मापाची."

"तुझ्याच मापाची. आणि पहिली तूच चढायचीस. एकटी, कुणी हात न लावता," मास्तरांनी शब्द दिला. आजी आतून म्हणाली की शब्द तरी दोन इंच जास्तीचा देऊ नका.

रविवारी बत्तीस पोरं ओळीत उभी राहिली. गुडघ्याची उंची, ढांगेची लांबी, हाताची पोच, सगळं वहीत उतरलं. मापं अगदी चोख होती, त्यात तिळमात्र खोट नव्हती. पण संध्याकाळी वही उघडून बसल्यावर मास्तरांचा हात शिवशिवायला लागला. शर्ट दोन वर्षं टिकतो, घसरगुंडी पंधरा वर्षं टिकायची. शर्टाच्या शिवणीत जास्तीचं कापड ठेवता येतं, त्याला माया सोडणं म्हणतात. पोर वाढलं की उसवायचं आणि सोडायचं. लोखंड कसं उसवणार? मग आत्ताच सढळ हाताने नको का करायला? त्यांनी प्रत्येक मापात सहा इंच वाढवले. पायरीत सहा, कठड्यात सहा, झोपाळ्याच्या उंचीत सहा. मग जरा शांत झोप लागली.

वही वेल्डरकडे गेली. त्याच्या धंद्याचाही एक नियम होता: लोखंड हात राखून कापावं. जास्त झालं तर कापता येतं, कमी पडलं तर शिव्या खाव्या लागतात. त्याने आपले सहा इंच घातले आणि कुणाला बोलला नाही. खांब गवंड्याकडे गेले. ते दोन फूट गाडायचे होते, पण फूटभर खणल्यावर कातळ लागला. गवंड्याने कातळाकडे पाहिलं, आपल्या कमरेचा विचार केला, आणि उरलेला फूट वरच राहू दिला. तिघेही भले लोक. गवंडी थोडा आळशी, एवढंच.

हे सगळं चाललं पडद्याआड. ट्रायलच्या आधी कपडा गिऱ्हाइकाला दाखवायचा नसतो, असं म्हणून मास्तरांनी चौफेर हिरवं कापड बांधून घेतलं होतं. ते स्वतः रोज आत जात, मान वर करून बघत आणि "ऐसपैस झालंय" म्हणून खूश होऊन बाहेर येत.

उद्घाटनाच्या दिवशी कॉलनी लोटली. मास्तरांनी कात्री चालवली, कापड खाली पडलं आणि सगळ्यांच्या माना वर गेल्या. झोपाळ्याची फळी पोरांच्या हनुवटीला येत होती. सीसॉचं वरचं टोक मोठ्या बाईंच्या अंबाड्याच्याही वर गेलं होतं.

नात घसरगुंडीपाशी गेली. पहिली पायरी तिच्या छातीशी होती. तिने उजवा पाय उचलून पाहिला. मग डावा उचलून पाहिला. मग तिने वळून आजोबांकडे पाहिलं. मास्तरांचे कान तापले. ते तिला उचलायला धावले.

"उचलून नको," ती म्हणाली. "मला चढायचंय."

आता काहीतरी करणं भाग होतं. पोरांना जरा सवय नाही, बाकी काही दोष नाही, असं म्हणत मास्तर स्वतः शिडी चढले. पायऱ्या पायांना अशा बसल्या की बस्स! वर बसले, कठडे अगदी काखेखाली आले. हात सोडले मात्र, सुसाट सुटले आणि चार हात लांब वाळूत जाऊन पडले. सगळे धावले. मास्तर वाळू झटकत उठले ते हसतच.

"बघू," असं म्हणून मोठ्या बाईंनी पदर खोचला. त्यांच्या मागून निवृत्त डॉक्टर गेले. अर्ध्या तासात शिडीपाशी पांढऱ्या केसांची रांग लागली. झोपाळ्यावर बसलेल्या दोन आज्या उतरायचं नाव घेईनात. पोरं बाकावर बसली होती, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात चष्मा. एक पोरगा आजोबांना घरी चला म्हणून विनवत होता, त्याला गृहपाठ होता. आजोबा पाचव्यांदा म्हणाले की ही शेवटची.

शेवटी मोठ्या बाईंनी तिथेच, झोपाळ्यावरून न उतरता, समितीची बैठक घेतली. खेळ उत्तम झाले आहेत, ते असेच ठेवावेत आणि मास्तरांचं अभिनंदन करावं, असा ठराव त्यांनी मांडला. "मुलांचं काय," त्या म्हणाल्या, "ती वाढतीलच की. मास्तर, तुमचंच तत्त्व आहे हे."

टाळ्या पडल्या. मास्तर नुसते गप्प राहिले असते तरी भागलं असतं. चाळीस वर्षांत परत न आलेलं माप आताही परत येणार नव्हतं, उलट त्याचा सत्कार होणार होता. त्यांनी नातीकडे पाहिलं. ती शिडीपाशी तशीच उभी होती, दोन्ही हात पहिल्या पायरीवर ठेवून.

"नाही," ते म्हणाले. "माप चुकलंय. माझंच चुकलंय. हे आल्टर करावं लागेल."

हे शब्द त्यांच्या तोंडून आजीनेही कधी ऐकले नव्हते. रांगेतून मोठी कुरकुर झाली, डॉक्टरांनी तर निदान महिनाभर थांबा अशी गळ घातली. मास्तर ऐकेनात. ते नातीपुढे गुडघ्यावर बसले आणि त्यांनी टेप लावली, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत. वेल्डर वही घेऊन शेजारी उभा. मास्तरांचा अंगठा सवयीने टेपेवर वर सरकू लागला.

"आबा, अंगठा," नात म्हणाली.

अंगठा खाली आला. "बारा," मास्तर म्हणाले. वेल्डरकडे बघून पुन्हा म्हणाले, "बारा. वर एक सूत नाही." आणि खांब का वर राहिलेत हे गवंड्याने आता कबूल केल्यावर त्याला कातळ फोडायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी खांब फूटभर खाली गेले, पायऱ्या नव्याने जोडल्या गेल्या. नात एकटी चढली, कुणी हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत ती अकरा वेळा घसरली आणि प्रत्येक वेळी खाली आल्यावर आबा बघतोय ना, याची खात्री करून घेत होती. मास्तर बघत होते. त्यांना इतकं भरून आलं की घरी जाताना त्यांनी तिला जे मागशील ते घेऊन द्यायचं कबूल केलं. तिने सायकल मागितली.

मास्तरांनी रविवारी सकाळीच टेप गळ्यात अडकवली, चपला घातल्या आणि दारात उभे राहिले. पण सायकलच्या दुकानात नातीने आजीला नेलं.