न बुडणारं जहाज

पनवेलला आमच्या शेजारी हुसेनचाचांकडे गेलं, की पाण्याच्या आधी हातावर एक नाणं पडायचं. रशियाचं, तेही मोडून गेलेल्या जुन्या रशियाचं. मग चाचा बैठकीच्या खोलीतल्या कपाटाएवढ्या यंत्रासमोर उभं करायचे. "आधी जहाज मारा. मग चहा."

चाचा बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. नोकरी सोडताना भंगारात निघालेल्या रशियन बोटीवरचा हा खेळ त्यांनी टेम्पोत घालून घरी आणला. पेरिस्कोपला डोळे लावायचे, बटण दाबायचं. समोरून एकामागून एक जहाजं जातात; नेम बसला की जहाज लाल होऊन बुडतं.

"मला सोफा हवा होता," चाची प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या, "यांनी रशिया आणला!"

नाणं मात्र परत द्यायचं. माझे मेहुणे ते चुकून खिशात घालून निघाले, तर चाचांनी स्कूटरवरून पाठलाग करून पळस्पे फाट्यावर एस्टी थांबवली.

एकदा आतला दिवा गेला. मी बाजारातून नवा आणून दिला. "हा तुमच्या देवघरात लावा," चाचा म्हणाले. "इथे असल ते असल!" जुन्या रशियातल्या ओडेसा बंदरात गेलेल्या दोस्ताने दिवा आणेपर्यंत खेळ बंद होता.

एवढं असूनही तिसरं जहाज कधीच बुडायचं नाही. "खराब आहे, राहू दे," म्हणून चाचा विषय बदलायचे.

एकदा अशी यंत्रं दुरुस्त करणारा एक तरुण मुंबईहून मुद्दाम आला. चाचा नमाजाला गेले होते. त्याने हौसेने मागचं झाकण उघडलं आणि सुटलेली एक तार जोडून टाकली. चाचा परतताच, "आता बघा!" म्हणत बटण दाबलं. तिसरं जहाज लाल झालं.

चाचांनी मेन स्विचच बंद केला. डोक्यावरची टोपीही न काढता ते फोन लावत बसले. त्यांचा मुलगा सलीम मालवाहू बोटीवर होता. भर समुद्रात फोन लागत नाही, हे चाचांना कुणी सांगायचं? तरुण बिचारा चहा न घेताच गेला.

"सलीम बोटीवर चढला ना, त्याच दिवशी यांनी ती तार काढलेली," चाची हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सलीमचा फोन आला. "जेवलास का?" चाचांचा आवाज सगळ्या मजल्याला ऐकू गेला. मग ते स्क्रूड्रायव्हर घेऊन यंत्रामागे बसले. मी बॅटरी धरली.

"चाचा, असल ते असल ना?" मला राहवेना.

"सलीम घरी येऊ दे. मग जोडू."

तार निघाली. चाचांनी माझ्या हातावर नाणं ठेवलं. मी दोन जहाजं बुडवली. तिसरं आलं तेव्हा बटणावरचा हात काढून घेतला आणि ते पार दिसेनासं होईपर्यंत बघत राहिलो.