मॅटचा कागद आणि हळदीची कोठी

बदलीची बातमी आली तेव्हा मी एक छोटासा निर्णय घेतला : कागद हातात घ्यायचाच नाही. (माझे बहुतेक शूर निर्णय असेच, काहीतरी न करण्याचे असतात.)

साल २००२. सेनगावातल्या एका सरकारी कचेरीत मी लिपिक. ऐन डिसेंबरात माझी बदली झाली, ती थेट गडचिरोलीच्या टोकाला. आमची पुजा दहावीला. तिचं वर्ष वाया जाणार म्हणून बायकोने, म्हणजे दिपाने, दोन दिवस भाजीत मीठच घातलं नाही. शेवटी मी औरंगाबादला जाऊन मॅटमध्ये अर्ज टाकला. सरकारी नोकर आणि त्याचं खातं यांची भांडणं हे न्यायाधिकरण सोडवतं. वकील म्हणाले, "निकाल लागेपर्यंत कार्यमुक्तीचा आदेश घेऊ नका. सही केलीत की संपलं!"

आमच्या खात्यात यावर जुना उपाय आहे. बदली झाली की धडधाकट माणसाची कंबर धरते. मीही आजारपणाची रजा टाकली आणि घरात दडून बसलो.

दुसऱ्या आठवड्यात कचेरीतले शिपाई खाजा मिया पाकीट घेऊन आले. दिपाने सांगितलं, ते हट्ट्याला गेलेत. दुसऱ्या दिवशी सांगितलं, कुरुंद्याला गेलेत. तिसऱ्या दिवशी गावं संपली आणि मी घाईघाईने पत्र्याच्या कोठीत उतरलो. तिच्यात वर्षाची दळलेली हळद होती, हे मला आत गेल्यावर कळलं.

"वैनी, आज पाकीट दिल्याबिगर जाणार न्हाई," म्हणत खाजा मिया ऐसपैस बसले.

"बसा की चाचा. चहा टाकते."

चहा झाला. मग पोहे झाले. (मी कधी पोहे मागितले तर हिला गॅस संपल्याचं आठवतं.) इकडे हळद नाकात शिरली आणि मी जोरात शिंकलो.

"वैनी, कोठी शिंकून राहिली."

"उंदीर हाय, चाचा."

"सर्दी झालेला?"

तेवढ्यात उंदीर परत शिंकला. खाजा मियांनी झाकण उचललं. आत मी, नखशिखांत पिवळा.

"काय भाऊसाहेब, दुसरं लगीन काढलं काय?"

आता लपण्यात अर्थ नव्हता. मी पाकीट मिळाल्याची सही केली. कागदावर हळदीचा अंगठाही उठला. दिपा डोक्याला हात लावून बसली, पुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर माझीच लाज वाटली. मग पाकीट फोडलं.

बदली रद्द! सोबत मॅटच्या निकालाची प्रत. तीन दिवस मी माझ्याच विजयापासून लपत होतो!

"मला काय ठाऊक? पाकीट बंद व्हतं," खाजा मिया म्हणाले. दिपाने त्यांना आणखी पोहे वाढले. पुजा तर नाचायलाच लागली. मी तसाच पिवळा, खाली बसलो.

निकाल इंग्रजीत होता. पुजा ऐटीत अर्थ सांगू लागली : "खातं म्हणतं, बदली लोकहितासाठी केली. पण अर्जदार सेनगावात राहिल्याने लोकांचा काही तोटा, किंवा तिकडे गेल्याने काही फायदा होईल, असं कागदपत्रांत कुठंच दिसत नाही."

दिपाने डोळे पुसले आणि कौतुकाने विचारलं, "हे जजसायेब कधी आपल्या घरी राहून गेले व्हय?"