सप्त्यातल्या विघ्नसंतोष्यांची यादी

आनंद ही सार्वजनिक मालमत्ता असून तिची नासधूस करणाऱ्यांची नोंद ठेवणे समाजाच्या हिताचे असते. वडवणीच्या पुढच्या एका गावात दिवाळीचा हरिनाम सप्ता बसला, तेव्हा समितीचे अध्यक्ष भगवानराव यांनी ही वही स्वतःच्या हाताने सुरू केली.

भोंग्याच्या आवाजाबद्दल बोलला तो रडतोंड्या. वरणाला नावे ठेवली तो मिठाचा खडा. कीर्तनात घड्याळ पाहिले तो सुतकी. कारण विचारले तो विघ्नसंतोषी. नाव लागलेल्याला वीणेचा पहारा बंद. सप्ताभर वीणा खाली टेकत नाही, या गळ्यातून त्या गळ्यात जाते. असा मान कुरकुऱ्यांना शोभत नाही.

तिसऱ्या दिवशी सावित्रीबाई आल्या.

"आवो अध्यक्ष, पाडव्याला आमचा ट्रॅक्टर निघतोय ऊसतोडीला. तुमचा काला भाऊबीजेला. पाडव्याला सकाळीच करा की. काल्याच्या लाह्या तोंडात पडल्या की सा महिने निभत्यात."

"परंपरा हाय, बाई." (परंपरेला यंदा तिसरे वर्ष होते.)

"तिला कुठं ट्रॅक्टर गाठायचाय?"

भगवानरावांनी त्यांना वहीच्या दोन रकान्यांत घातले. त्यांच्या ऊसतोड टोळीतली चौदा जोडपी बाईंच्या बाजूने बोलली. तीही वहीत गेली. भोंग्याबद्दल उरलेल्या गावाने मत दिलेच होते. पाडव्याच्या सकाळी गावात अधिकृत आनंदी माणसे दोन उरली: भगवानराव आणि कीर्तनकार बद्रीनाथ महाराज.

"भगवानराव, ट्रॅक्टर वेशीत थांबवलाय," महाराज म्हणाले. "देवानं सवंगडी सोडून काला खाल्ला न्हाई कदी." आणि लाह्यांची परात घेऊन चालू लागले. त्यांच्या योग्यतेचा शब्द सापडेपर्यंत ते वेशीत पोचलेही.

सावित्रीबाईंना ट्रॉलीत बसल्या जागी काला मिळाला. थोडा त्यांनी पदराला बांधला.

मंडपात वीणा भगवानरावांच्या गळ्यात होती. ती मंडपाबाहेर नेत नाहीत, खाली ठेवत नाहीत, आणि घ्यायला यादीबाहेरचा माणूस नव्हता. लांबून टाळ ऐकू येत होते. अध्यक्षांचा पाय समितीच्या मंजुरीविना ठेका धरत होता.

तरी वाचकांनी, जे अद्याप यादीत नाहीत, त्वरित निघून वीणा घ्यावी. 'ऐन सणात मलाच का?' असे ज्यांच्या मनात आले, त्यांची नोंद झाली आहे. शब्द आपल्या पसंतीचा कळवावा.