मूळ इंजिनावरील हरकत

निरवांगीच्या ट्रॅक्टर ओढ स्पर्धेला नियम एकच होता : इंजिन कंपनीतून आलं तसंच हवं. बक्षीसही एकच : हंगामातली पहिली ऊसतोड टोळी विजेत्याच्या फडात उतरणार. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. असल्यामुळे तांत्रिक निरीक्षक म्हणून माझी बिनविरोध निवड झाली.

तपासणीत बारापैकी अकरा ट्रॅक्टरांचे डिझेल पंप जास्त ताकदीसाठी वाढवलेले निघाले. स्पर्धा समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब यांचा पुतण्या दिग्विजय, त्याने तर ट्रकचा टर्बो बसवला होता. बारावा ट्रॅक्टर प्रयागबाईंचा. त्यातला एक नटही हललेला नव्हता. मी अकरा बाद करून अहवाल दिला.

आप्पासाहेबांनी तो शांतपणे वाचला. "सायेब, नियम सगळ्यांना सारखा पायजे का न्हाय?"

"हवाच."

"मग अकरा तर सारखेच हायत. येगळं कोण हाय?"

मी सरासरी काढली. प्रयागबाईंचं इंजिन सरासरीपासून फारच लांब पडत होतं. विज्ञानाचा नाइलाज झाला.

प्रयागबाई सीटवरूनच कडाडल्या. "मी काय बदल केलाय, ते तरी सांगा!"

"कायच न्हाय केला, हीच हरकत हाय, वैनी," आप्पासाहेब म्हणाले. "सगळ्यांनी केला, तुमी न्हाय. बाकीच्यांवर अन्याव न्हाय का ह्यो? अर्धा तास देतो, पंप वाढवून आणा."

"आन् पंप वाढवून इंजिन बसलं, तर उद्या नांगरट तुमी करणार का? आप्पा, माज्या उसाला तुरा आलाय. म्हयनाभर थांबला तर आतनं पोकळ पडंल."

"हितनं दिसतोय की. झ्याक दिसतोय."

"मग पब्लिकलाच इचारा!"

आप्पासाहेब लोकशाहीवादी. त्यांनी माईक घेतला. "प्रयागवैनींना बाद करायला ज्यांची संमती हाय, त्यांनी हात वर करा."

नेमका तेव्हाच दिग्विजयने टर्बो रेस केला. काळ्या धुराचा खांब आभाळाला भिडला आणि अख्ख्या मैदानाचे हात वर गेले. मी ते शास्त्रशुद्ध मोजले : चार हजार दोनशे सहा. विरोधात विचारल्यावर एकच, तोही प्रयागबाईंनी स्टेअरिंगवरून उचललेला.

दिग्विजय जिंकला. दुसऱ्या दिवशी टोळी त्याच्या फडात उतरली. प्रयागबाईंचा नंबर महिन्यानंतरचा आहे.

प्रेक्षक महोदय, आपण मत दिलंच नव्हतं, फक्त मोबाईल वर धरून व्हिडिओ काढत होतो, असा आपला खुलासा समितीला मिळाला आहे. व्हिडिओ छान आलाय. हात मात्र मोजून झाला आहे.