ईशानीच्या बदल्यात एक अंकल

सौदा करावा तर आमच्यासारख्याने! दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत मी परचेस मॅनेजर आहे. समोरचा माणूस घाम पुसत उठला नाही, तर त्या मीटिंगला मी मीटिंग म्हणतच नाही. तेव्हा आमच्या टॉवरच्या बेसबॉल टीमचं मॅनेजरपद माझ्याकडे आलं, यात नवल ते काय?

तुम्ही म्हणाल, गुणवंतराव, मराठी माणूस आणि बेसबॉल? त्याचं असं आहे, आमच्या टॉवरमागच्या मैदानावर 'क्रिकेट खेळण्यास मनाई' अशी पाटी आहे. शेजारच्या तन्मयने एकदा षटकार मारून पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीतली अख्खी बिर्याणी उडवली, तेव्हापासून! बेसबॉलला मात्र मनाई नाही. पाटी लिहिणाऱ्याला तो सुचलाच नाही.

खेळ तसा सोपा. चेंडू मारायचा, बॅट तिथेच टाकायची आणि पळत जाऊन पहिल्या बेसवर पाय ठेवायचा. तुमच्या आधी चेंडू तिथे पोहोचला की तुम्ही बाद. पण जन्मभर क्रिकेट खेळलेल्या माणसाच्या हातून बॅट सुटते होय? आम्ही सगळे बॅट छातीशी कवटाळून पळायचो, बेस जवळ आला की लांबूनच बॅट टेकवायचो आणि छाती फुगवून उभे राहायचो. अंपायर म्हणायचा, "आऊट!" बेसला पाय लागावा लागतो, बॅट लागून उपयोग नाही, हे त्याने आम्हाला इतक्यांदा सांगितलं की बिचाऱ्याचा घसा बसला.

यावर इलाज एकच सापडला. माझी मुलगी ईशानी. वय सोळा. आमच्याकडून चेंडू फेकायचं काम तिचं, आणि आमची बॅटिंग आली की पहिल्या बेसच्या बाजूला उभं राहून बोंब मारायचं कामही तिचंच. "बाबा, बॅट टाक! तन्मयकाका, बॅट टाका!" एरवी इंग्रजीशिवाय न बोलणारी पोर, पण ओरडायची खणखणीत मराठीत. तिच्या आवाजाने बॅटा हातातून आपोआप गळायच्या. अशा रीतीने आम्ही फायनलला पोहोचलो. श्रेय अर्थातच व्यवस्थापनाचं!

फायनल होती बर दुबईच्या टीमशी. त्यांचे मॅनेजर मोहिद्दीनभाई, मूळचे रत्नागिरीचे, मीना बाजारात कापडाचं दुकान. आणि त्यांच्याकडे होते तहसीनभाई! मोहिद्दीनभाईंचे मेव्हणे, एका वर्कशॉपचे फोरमन. मनगट असं की माझी मांडी लाजावी. मारलेला चेंडू परत यायचा नाही.

आमच्या लीगमध्ये एक नियम आहे. कुणाची शिफ्ट बदलते, कुणी सुट्टीवर गावी जातं, म्हणून दोन्ही मॅनेजर राजी असले तर फायनलच्या आदल्या आठवड्यापर्यंत खेळाडूंची अदलाबदल चालते. हा नियम वाचला आणि माझ्यातला परचेस मॅनेजर ताडकन उठून बसला.

"ईशानी देतो आणि तहसीनभाई घेतो," मी बायकोला, अनुपमाला म्हणालो.

अनुपमा भाकरी थापता थापता थांबली. "कोण ईशानी?"

"आपली."

"गुणवंत, तू स्वतःची मुलगी विकतोयस?"

"विकत नाही गं, ट्रेड! पोरगी गुणी आहे, दोन वर्षांनी ती कुणाला ऐकणार नाही. पण कप आत्ता आहे ना? आणि त्यांचा वाघ आपल्याकडे आला म्हणजे त्यांच्याकडे उरलं काय?"

"तिला विचारलंस?"

विचारायला गेलो तर ईशानी फायनलसाठी आपल्या ग्लोव्हला तेल लावत बसली होती. तिला ही फायनल आमच्याकडून खेळायची होती. रोज शाळेतून आल्यावर पार्किंगच्या भिंतीवर चेंडू मारून तिने भिंतीचा रंग घालवला होता, तो उगाच नव्हे. मी सगळं नीट समजावलं. लाँग टर्म, शॉर्ट टर्म, हातचा रिसोर्स, सगळं!

तिने ग्लोव्ह बाजूला ठेवला. "सो आय ॲम वर्थ वन अंकल?"

"चांगला अंकल आहे, बाळा."

"ओके, बाबा."

एवढंच! रडली असती, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मीना बाजार गाठला. कापडाच्या ताग्यांमध्ये बसून मी तासाभराच्या घासाघिशीची तयारी केली होती. माझ्या तोंडून 'ईशानी' आणि 'तहसीन' ही दोन नावं एका वाक्यात निघाली मात्र, मोहिद्दीनभाईंनी माझा हात पकडला.

"मंजूर!"

"अहो, पण अजून अटी..."

"गुणवंतभाई, अटी कसल्या? यल्ला, खलास! चहा पिऊन जा."

समोरचा घासाघीस न करता हो म्हणाला, तर समजावं आपण सोनं देऊन टाकलं. हे मी ऑफिसात ज्युनिअर लोकांना शिकवतो. त्या दिवशी मात्र कडक चहा पीत मी स्वतःवरच खूष होतो!

सरावाला तहसीनभाई आले आणि आमचे डोळे दिपले. पहिला चेंडू भिंतीपलीकडे. दुसरा पार्किंगमध्ये. तिसरा कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही! चेंडू मैदानाबाहेर गेला की पळायची घाई नसते, त्यामुळे ते पळतात कसे, हे पाहायची वेळच आली नाही. "तहसीनभाई, कप आपलाच ना?" मी विचारलं. "इन्शाल्ला," ते मिशीतून म्हणाले. टीमने मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

फायनलचा रविवार उजाडला. समोर बर दुबईच्या निळ्या टी-शर्टात आमची ईशानी! टी-शर्ट मोठा होता, बाह्या तिने दुमडल्या होत्या. सवयीने मी पाण्याची बाटली तिच्यापुढे केली आणि तशीच मागे घेतली.

तहसीनभाई पुढे आले. ईशानीने त्यांना भिंतीपलीकडे मारता येईल असा एकही चेंडू दिला नाही. गुडघ्याशी, संथ, वाकडा. तहसीनभाईंनी कसाबसा ढकलला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना जीव घेऊन पळावं लागलं. बॅट छातीशी कवटाळून! बेसच्या चार हात अलीकडून त्यांनी झेप घेतली, बॅट टेकवली, धुळीतून उठून आकाशाकडे बघून दोन्ही हात वर केले.

"आऊट!"

"कैसे आऊट? बॅट क्रीज में है!"

आणि मग साथच आली जणू! दत्तप्रसाद बॅट घेऊन पळाला. तन्मय बॅट घेऊन पळाला. सुजीतने तर बॅट टाकली, दोन पावलं गेला, आणि काहीतरी विसरल्यासारखा परत येऊन उचलून घेऊन गेला! पहिल्या बेसच्या बाजूला ओरडणारं कुणी नव्हतंच. मी फक्त चेंडू फेकणारा एक हात दिला असं समजत होतो. गळाही दिला होता!

शेवटची पाळी, दोन गडी बाद, आम्ही दोन धावांनी मागे. बॅटिंगला कोण? अस्मादिक. समोर ईशानी. मी चेंडू येताना डोळे मिटतो, हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, आणि त्यातलं एक समोर उभं होतं. पहिला चेंडू मला कळलाच नाही. दुसऱ्याचा वारा लागला. काय फेकत होती पोर! बाप म्हणून सांगत नाही, तिच्याशी हरणारा माणूस म्हणून सांगतो, देखणं फेकत होती. तिसऱ्याला मी डोळे मिटून बॅट फिरवली आणि ठक्क असा आवाज आला!

मी पळालो. अर्थात बॅटसकट. बेस चार पावलांवर, बॅट टेकवायला वाकलो, तेवढ्यात...

"बाबा, बॅट टाक!"

बॅट आपोआप गळली. पाय बेसवर पडला. "सेफ!"

ईशानीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मोहिद्दीनभाई डोक्याला हात लावून ओरडले, "अगो पोरी, तू कुणाच्या टीममध्ये?"

"सॉरी, अंकल. हॅबिट."

त्या बेसवर उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. मी तिला देऊन टाकलं होतं, तिने मला टाकलं नव्हतं. असा खेळाडू दोन वर्षांनी तयार होत नसतो हो, तो तयारच असतो! पुढचा फलंदाज सुजीत. ईशानीने त्याला तीन चेंडूंत घरी पाठवलं आणि आम्ही फायनल हरलो. बेसवर नाचत "शाब्बास, ईशू!" असं ओरडणारा आमच्या टीममधला एकमेव माणूस मी होतो.

हे टीमला फारसं रुचलं नाही. त्याच संध्याकाळी लॉबीत सभा झाली आणि अनुपमा एकमताने नवी मॅनेजर झाली. ती ईशानीला परत मागायला मीना बाजारात गेली.

"वहिनी, पोर सोडून काहीही मागा," मोहिद्दीनभाई म्हणाले.

ईशानीलाही तिथे आवडलं होतं. मला म्हणाली, "यू कॅन कम टू, बाबा. समबडी हॅज टू क्लॅप."

मग अनुपमाने ट्रेड केला. मला दिलं आणि बदल्यात त्यांची पाणी थंड ठेवायची चाकांची मोठी पेटी मागितली. आता मी निळ्या टी-शर्टात बसून लेकीसाठी टाळ्या वाजवतो, आणि सुखी आहे. एकच गोष्ट मनाला लागून राहिली. ईशानीला घेताना एका शब्दाची घासाघीस न करणारे मोहिद्दीनभाई, मला घेताना संध्याकाळभर अडून बसले होते.

शेवटी पेटीची चाकं काढून घेतली, तेव्हा कुठे हो म्हणाले!